धागा जाळून बघणारे मालक

आमच्या मालकांना कुणी नमस्कार केला, तर ते आधी त्याच्या अंगावरच्या कापडाकडे बघत आणि मग तोंडाकडे. ओळख असो किंवा नसो, हात पुढे करून बाहीचा नाहीतर पदराचा सुटलेला धागा चिमटीत धरत आणि पटकन ओढून घेत. खिशातून काडेपेटी काढून तो पेटवत, नाकाशी नेऊन वास घेत आणि मागे जे उरेल ते बोटांत चोळून बघत. भुरभुरीत राख झाली तर सुती. केस जळल्याचा वास आला तर लोकर नाहीतर रेशीम. आणि वितळून मोहरीएवढी कडक काळी गोळी झाली, तर टेरिलिन. गोळी झाली की ते खूश होत. "आमचं हाय," म्हणत. राख झाली की "न्हाई आमचं," एवढंच बोलून समोरच्याला तिथंच सोडून निघून जात. काही लोक चिडत. बरेचजण त्यांना येताना बघून रस्ता बदलत.

मी काम मागायला गेले तेव्हा माझ्या खांद्यावर घोंगडं होतं. बहात्तरच्या दुष्काळात आमची मेंढरं गेली आणि आम्ही म्हसवडकडचा मुलूख सोडून सांगलीला आलो. नवरा हळदीच्या गोदामात हमाली करू लागला. त्यात भागेना, म्हणून कुपवाडला छपाईच्या शेडमध्ये बाया घेतात असं ऐकून मी गेले. मालकांनी घोंगड्याचा धागा ओढला, जाळला, वास घेतला.

"मेंढरू," ते म्हणाले. "माणदेशी काय?"

"व्हय."

"शाळा?"

"चौथी."

"पाढे येत्यात?"

"येत्यात की."

"मग या उद्यापासनं."

माझं नाव त्यांनी तेव्हा विचारलं नाही आणि पुढंही विचारलं नाही. ते मला 'माणदेशी' म्हणत.

पाढ्यांचं काम काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. डब्यातली रंगाची पूड खळीत कालवायची. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीतून तो रंग कागदावर छापायचा. कागद दोरीवर वाळवायचा. मग प्रेसच्या खालच्या पाटावर पांढरी टेरिलिनची साडी पसरायची, छापलेली बाजू खाली करून त्यावर कागद ठेवायचा आणि वरचा तापलेला लोखंडी पाट दाबून धरायचा. मालक बेचा पाढा म्हणत, मग तीनचा. तीन दाहे तीस म्हटलं की दांडा उचलायचा, साडी पुढं सरकवायची, नवा कागद ठेवायचा, पुन्हा बे एके बे. शेडमध्ये घड्याळ होतं. पण घड्याळाकडे बघणाऱ्याचं कापडाकडे लक्ष नसतं, असं त्यांचं म्हणणं.

कागदावरचा रंग मळकट दिसे. लाल विटकरीसारखा, निळा चुलीतल्या राखेसारखा. तो साडीवर उतरला की डोळे दिपत. उष्णतेनं रंगाची वाफ होते आणि ती धाग्याच्या आत शिरते, असं ते सांगत. आत शिरलेला रंग धुऊन जात नाही, उन्हात विटत नाही, दगडावर आपटला तरी सुटत नाही. पण हे सगळं टेरिलिनवर. सुती कापडावर तोच कागद दाबला तर फिकट डाग पडे आणि पहिल्या धुण्यात वाहून जाई. एका व्यापाऱ्यानं त्यांना पूर्वी टेरिलिन म्हणून निम्मं सुती मिसळलेलं टेरिकॉट दिलं होतं. सगळा माल वाया गेला. तेव्हापासून धागा जाळायची खोड लागली, आणि पुढं कामाचं कापड आणि लोकांच्या अंगावरचं कापड यात त्यांना फरक कळेनासा झाला.

प्रेस त्यांनी स्वतः बनवलेला होता. त्यांचे थोरले भाऊ टायर रिमोल्ड करत. त्यांच्याकडचा जुना तापता साचा मोडून, त्यात विजेची कॉईल घालून यांनी हे यंत्र उभं केलं. मुंबईला एका गिरणीत असताना परदेशी यंत्र बघितलं होतं म्हणे. ते घ्यायची ऐपत नव्हती. शेडही भावाचीच. मध्ये पत्र्याचा आडोसा, पलीकडे टायर, अलीकडे आम्ही. तिकडून रबराचा वास येई, इकडून रंगाच्या वाफेचा. संध्याकाळी घरी गेलं की पोरं जवळ येत नसत.

स्वतः मालक सुती पायजमा आणि सुती सदरा घालत. "माझ्या अंगाला रंग धरत न्हाई," असं ते मोठ्या गर्वानं सांगत. पण कागद वाळला का नाही हे ते गालाला लावून बघत, हातानं नाही. हाताला घाम असतो, गाल खोटं बोलत नाही, म्हणत. त्यामुळे त्यांच्या उजव्या गालावर सदा एखादी पाकळी नाहीतर कुयरीचं टोक असे. तसेच ते बाजारात जात, तसेच मयताला जात.

कशाचंही त्यांना बरं किंवा वाईट वाटलेलं दिसत नसे. निवडणूक असो, कुणाचं लग्न असो, त्यांचं एकच ठरलेलं: "कागदावर काय कळत न्हाई. बघू उतरल्यावर." मला दिवस गेले तेव्हा मी सुट्टी मागायला गेले, तर मलाही तेच म्हणाले. मी तोंडावर सांगितलं, मालक, हे बाईमाणसाला बोलायचं बोलणं नव्हं. त्यांना त्यात काय चुकलं ते कळलं नाही. सुट्टी मात्र दिली, आणि बाळंत झाल्यावर कामही ठेवलं.

थोरल्यांच्या मुलीला बघायला इस्लामपूरकडचे ऊसवाले आले होते. आम्ही दोघीतिघी सैपाकाला मदत करत होतो. मुलाचा बाप खांद्यावर रेशमी उपरणं टाकून बसला होता आणि ते बनारसहून कसं आणलं ते सांगत होता. मालक शेजारी. थोरले डोळ्यांनी खुणावत होते, पण मालकांची नजर उपरण्याच्या दशीवर. बोलता बोलता हात गेला, धागा आला, काडी पेटली. माजघरातून आम्ही बघत होतो. काळी गोळी झाली.

"पाव्हणं, फसलासा," मालक म्हणाले. "रेशीम न्हवं ह्ये. आमचंच हाय. पन वाईट न्हाई, धुतलं की लगीच वाळंल."

पोहे तसेच राहिले. पाहुणे उठून गेले.

"तुला काय बुद्धी हाय का रं?" थोरले एवढंच म्हणाले.

"दादा, मी चांगलंच म्हनलं की त्येला."

ती मुलगी आत तोंडावर पदर धरून हसत होती. पुढल्या वर्षी तिला दुसरीकडे दिली.

शेडमध्ये सगळ्यात लहान शेवंता होती. कुपवाडचीच, लग्न होऊन वर्ष झालेलं. मालकांना तोंडावर बोलणारी ती एकटी. ते तीनचा पाढा म्हणत असले की ही मुद्दाम मधूनच चारचा सुरू करी. त्यांचा गोंधळ होई, सगळ्या हसत. एकदा म्हणाली, "मालक, तुमचं लगीन झालं न्हाई ते बरं झालं. बोहल्यावरच बायकूचा पदर जाळला असता."

"जाळला असता," मालक म्हणाले. "फसवणूक नको."

"आन गोळी झाली असती तर?"

"तर घरात घेतली असती."

त्या दिवाळीला त्यांनी प्रत्येक बाईला आपल्या हातानं छापलेली एकेक साडी दिली. असं देणारा मालक कुपवाडात दुसरा नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. शेवंतानं काळ्यावर लाल फुलांची मागून घेतली. काळा रंग त्यांना नीट जमायला लय दिवस लागले होते. पाट जरा कमी तापला की काळ्याचा तपकिरी होई. तिच्या साडीचा काळा बरोबर उतरला होता. ते दोन दिवस तिच्याच साडीबद्दल बोलत होते.

संक्रांतीला काळं नेसतात, म्हणून तिनं ती नेसली. सकाळी स्टोव्हवर तिळगुळाचा पाक करायला बसली आणि पदर पेटला. सासू शेजारीच होती. तिनं वाकळ टाकली, स्वतःचे हात भाजून घेतले. जाळ विझला, पण कापड विझलं नाही. सुती असतं तर जळून गळून पडलं असतं. हे वितळलं आणि अंगाला चिकटलं. दवाखान्यात आम्ही बघायला गेलो तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, कापड वेगळंच करता येत नाही. मी आत जाऊन बघितलं. ते लिहीत नाही. शेवंता संक्रांतीनंतर फार दिवस राहिली नाही.

मालक पोलीस चौकीवर गेले आणि म्हणाले, माझ्या साडीनं मारलं तिला. जमादार त्यांना ओळखत होता. त्याच्याही बाहीचा धागा त्यांनी कधीतरी जाळला होता. तो म्हणाला, "मग काय साडीला बेडी घालू? जावा घरला." ते गेले नाहीत. संध्याकाळी थोरले जाऊन घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो तर प्रेस थंड होता. मालकांनी टेरिलिनची एक लांब पट्टी खिळ्याला टांगली होती. आमच्यासमोर त्यांनी ती खालून पेटवली. ज्योत वर चढू लागली आणि जळते थेंब टपटप खाली पडू लागले. त्यांनी बाही वर करून हात खाली धरला. एक थेंब पडला. ते ओरडले नाहीत. आम्हीच त्यांचा हात ओढला, पण तो थेंब निघता निघेना.

"इतकी वर्सं चोळतोय मी ही गोळी," ते म्हणाले. "पन गार झाल्यावर."

खरं होतं. रोज डोळ्यांसमोर धागा वितळत होता. तो अंगावर असताना वितळला तर काय होईल, हे त्यांना सुचलं नाही, थोरल्यांना सुचलं नाही, पेठेतल्या कुठल्या दुकानदाराला सुचलं नाही. ती गोळी म्हणजे माल अस्सल असल्याची खूण, एवढंच सगळे समजत होतो.

त्यानंतर मालकांनी धागे जाळायचं सोडलं. महिन्याभरात त्यांनी नवी चौकट बनवली. तिच्यात फुलं नव्हती, अक्षरं होती. 'चुलीजवळ, स्टोव्हजवळ नेसू नये. पेटल्यास अंगाला चिकटते.' ती अक्षरं त्यांनी पदराच्या काठाला, सगळ्यांना दिसतील अशी छापायला घेतली.

"मालक, कागदाची चिठ्ठी लावा," मी म्हटलं. "साडीवर कशापायी?"

"चिठ्ठी दुकानदार काढून टाकंल. हे निघत न्हाई. धुतलं तरी न्हाई, घासलं तरी न्हाई."

"आवं, पन असली साडी घेनार कोन?"

"नगा घेऊ. सुती नेसा."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी त्यांना जे बोलले ते आजही मला बरोबरच वाटतं. "सुती नेसा म्हंता. सुती वर्सात फाटती. भिजली की मनभर वजनाची हुती, वाळाय दिस लागतो. आमच्याकडं दोन लुगडी, एक अंगावर आन एक दोरीवर. ही साडी रातीला धुतली की सकाळी नेसाय येती. शेतात, कामावर, कुठं बी. आन चुलीपुढं नेसायची न्हाई म्हंता, तर बाईमानूस चुलीपुढं न जाता जाईल कुठं? तुमी एकदा बाईच्या जल्माला येऊन बघा."

 मालक म्हणाले, "शेवंता बी असंच म्हनली असती." आणि पुन्हा छापू लागले.

तो माल पेठेत गेला आणि तसाच परत आला. मागोमाग शेठ स्वतः आले. हे कापडाचे व्यापारी, आमचा बहुतेक माल तेच उचलत. पदर थोरल्यांच्या तोंडासमोर धरून म्हणाले, "लग्नाच्या बस्त्याला ही साडी दाखवू? नवरीच्या पदरावर पेटायचं लिहिलंय. घरात पाऊल टाकायच्या आधी भडका. मला दुकान चालवायचंय का बंद करायचंय?"

थोरले वाईट माणूस नव्हते. त्यांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "हे थांबव. न्हाईतर मी प्रेस बंद करतो. या बाया घरला जातील, त्या तुझ्यामुळं." आम्ही सगळ्या उभ्या होतो. मालकांनी एकेकीकडे बघितलं. मला वाटतं, कापड न बघता तोंडाकडे बघायची ती त्यांची पहिलीच वेळ.

मी म्हटलं, "मालक, आमच्यातल्या निम्म्यांना वाचाय येत न्हाई. तुमी लिवलं काय आन न लिवलं काय."

मी हे त्यांना गप्प करायला बोलले. त्यांनी ते मनावर घेतलं. आठ दिवसांनी ते चित्र घेऊन आले. अक्षरं गेली. त्याजागी वीतभर उंचीचं एक चित्र: खाली स्टोव्ह, त्यावर ज्वाळा आणि वर तळवा पुढं करून धरलेला हात, थांब म्हणणारा. पदरभर ओळीनं ते चित्र.

"काय दिसतंय?" मला विचारलं.

"इस्टू. जाळ. आन थांब म्हनून हात."

"बघ, कळतंय का न्हाई. वाचाय नको."

मला कळलं, कारण मला आधीच माहीत होतं. एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, आणि त्या घडीला माझ्याही नाही.

शेठ आले, त्यांनी पदर हातात घेतला. मालक शेजारी ताठ उभे. शेठ म्हणाले, "हां, आता कसं. ही खरी नक्षी. समई, आन वर देवीचा आशीर्वादाचा हात. असं काम करत जावा की."

थोरल्यांनी मालकांच्या पायावर पाय दिला, ते मी बघितलं.  शेठ गेल्यावर मालक म्हणाले, "व्यापाऱ्याला काय बी दिसू दे. चुलीपुढं बसल्याली बाई वळखंल."

ती साडी चालली. आमच्या शेडची एवढी साडी कधीच खपली नव्हती. समईची साडी म्हणून तिचं नाव पडलं. ओटी भरायला समईची, बारशाला समईची, नव्या सुनेला पहिल्या सणाला समईची. वडगावहून, तासगावहून बाया शेडवर विचारत येऊ लागल्या. मालक दारात उभे राहून सांगत, "समई न्हवं ती. इस्टू हाय. चुलीपुढं नेसायची न्हाई, म्हनून काढलाय."

एक म्हातारी हसून म्हणाली, "आसू द्या की, मालक. इस्टू बी शुभच. भरल्या घरातच पेटतो."

मालकांनी ती चौकट फोडायचं ठरवलं. थोरल्यांनी ती आपल्या घरात नेऊन कुलपात ठेवली आणि रोज सकाळी दुसऱ्या कारागिराच्या हाती देऊ लागले. आम्ही सगळ्या थोरल्यांच्या बाजूला होतो. आमची मजुरी वाढली होती. मालक प्रेसजवळ येईनात. पत्र्याच्या आडोशाला टेकून बसत. गालावर आता कसलाच डाग नसे.

मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या जत्रेला शेठनी म्हसवडात दुकान लावलं. टेम्पोतून माल गेला आणि मालाबरोबर थोरल्यांनी मालकांनाही पाठवलं. म्हणाले, चार दिवस हवा बदलंल. मी तर दरवर्षीच जाते, सासर तिकडचं. माझे सासरे, दीर, सगळे माणगंगेच्या पात्रात वाळूवर उतरले होते. शेकडो कुटुंबं. जिकडे बघावं तिकडे तीन दगडांच्या चुली, पुरणपोळीचा निवद शिजत होता. माणदेशचं वारं, वाळू उडत होती, जाळ आडवे होत होते. बायांनी देवाला म्हणून नवी साडी नेसलेली. नवी म्हणजे समईची. हिरवी, लाल, पिवळी, पदर वाऱ्यावर.

दुपारचं पलीकडून बायांचं ओरडणं ऐकू आलं. मी उठून बघितलं तर मालक. दुकानातून ते पात्रात आले होते. वाळूतल्या झऱ्यावरून कुणाची तरी बादली उचलली होती आणि एकेका चुलीवर पाणी ओतत चालले होते. राख आणि वाफ उडत होती. बाया पुरणाचे हात घेऊन उभ्या राहत होत्या.

"आवं आवं, काय केलंसा ह्ये? निवद हाय देवाचा."

"सुती नेसून या," ते म्हणत होते. "साडी बदला. मग पेटवा."

ते ओरडत नव्हते. शेडमध्ये कागद मोजावा तसं काम करत होते. बादली रिकामी झाली की झऱ्यावर जात, भरत, पुढची चूल. चौथ्या की पाचव्या चुलीला त्या घरचे पुरुष आले. देवाच्या निवदावर पाणी ओतणाऱ्याला काय करतात, ते सांगायला नको. काठ्या होत्या त्यांच्याकडे.

माझ्या सासऱ्यांनी मध्ये पडून सोडवलं. "येडा हाय गड्यानू, सोडा त्येला," म्हणाले. येडा म्हटलं म्हणून ते सुटले. आमच्या बैलगाडीच्या सावलीला आणून निजवलं. सासूनं हळद भरली. डोळा सुजून बंद झाला होता.

"माणदेशी," ते म्हणाले, "किती इझल्या?"

"असतील चार-पाच."

"आन ऱ्हायल्या किती?"

मी पात्राकडे बघितलं. विझवलेल्या चुलीही लोकांनी पुन्हा पेटवल्या होत्या. "सगळ्या ऱ्हायल्या," मी सांगितलं. खोटं बोलून काय मिळणार होतं?

त्यांनी तोंड चाकाकडे फिरवलं.

त्या जत्रेत एकही बाई पेटली नाही. म्हणून पुढं कुपवाडात आणि सांगलीत सगळे म्हणू लागले की त्यांना उगाच भ्रम झाला होता. मी म्हणते, नशीब होतं, किंवा त्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा बरी होती. त्यानंतर थोरल्यांनी त्यांना घरीच ठेवलं. ओसरीवर बसत. मी दोनदा भेटायला गेले. माझ्या अंगावरच्या साडीकडे त्यांनी बघितलं नाही. मुलगा कसा आहे विचारलं. तिसऱ्यांदा जायच्या आधी ते गेल्याचं कळलं. आजार काय होता, कुणी नीट सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

पुढच्या मार्गशीर्षात आम्ही पात्रात त्याच जागी उतरलो. शेजारी एक नवं लग्न झालेली पोरगी चूल पेटवत होती, अंगावर समईची साडी. फुंकायला वाकली की पदर जाळाकडे घसरे.

"पदर खोच, बाई," मी म्हटलं.

"खोचते की, आत्ती," ती म्हणाली आणि खोचला. पुन्हा वाकली, फुंकलं, आणि पदर पुन्हा सुटला. टेरिलिन गुळगुळीत असतं, खोचलेलं राहत नाही. तिनं पुन्हा खोचला. पुन्हा सुटला. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मी माझी चूल जावेवर सोपवली आणि तिचा पदर हातात धरून तिच्या मागे बसले, पुरण शिजून पोळ्या होईपर्यंत.